अजून वापरला नाही, पण छान आहे

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अद्याप नोंद न झालेला एक लेखनप्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत जोमाने फोफावला आहे. त्याला संपादक नाही, मानधन नाही (निदान नसावं अशी अपेक्षा आहे), आणि त्याच्या वाचकाची निष्ठा पाहून कोणत्याही कवीला हेवा वाटावा. रात्री अकरा वाजता, घरातले दिवे मालवल्यावर, हा वाचक मोबाइलच्या उजेडात शंभरेक लेखकांचं साहित्य एका बैठकीत वाचून काढतो, मधूनच शेजारी झोपलेल्या माणसाला उठवून त्यातले उतारे ऐकवतो आणि शेवटी काहीही न ठरवता झोपतो. हे साहित्य म्हणजे दोन हजार रुपयांच्या मिक्सरखाली लिहिलेले अभिप्राय.

दोन हजारांसाठी एवढं वाचन कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला ती चालवून पाहता येते. फ्रिजचं दार उघडून आत डोकावता येतं, भाजीचा कप्पा पुढेमागे ओढून जाणकाराचा चेहरा करता येतो. लग्नाच्या बाबतीत चौकशीला दोन्हीकडचे मामा असतात. मिक्सर, इस्त्री, केटल, इमर्शन रॉड या मंडळींच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. दुकानदार मिक्सर चालवून दाखवतो तो रिकामा, आणि रिकामे मिक्सर सगळेच उत्तम चालतात. तेव्हा परक्या माणसांच्या शब्दावर विसंबणं आलं.

या परक्या माणसांत सर्वांत मोठा संप्रदाय खोकेवाद्यांचा. 'पॅकिंग एक नंबर. दोन दिवस आधीच आला. अजून वापरला नाही, पण छान आहे.' आणि पाच तारे. या लेखकाने खोका उघडलाय, थर्माकोल बाजूला केलाय, मिक्सर टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढलाय. फोटोत मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि सोफ्यावर पसरलेले कुणाचे तरी पाय स्वच्छ दिसतात. मिक्सरबद्दल त्याला कळलेली एकमेव गोष्ट म्हणजे तो आला. एवढ्या भांडवलावर समीक्षा लिहिण्याची परंपरा मराठीत नवी नाही, पण पुस्तकाच्या बाबतीत निदान मलपृष्ठ तरी वाचलेलं असतं.

दुसरा संप्रदाय मातृभक्तांचा. 'आईसाठी घेतला. आई खूश.' आई खूश असणारच. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाने सांगलीला घरपोच मिक्सर पाठवलाय, तर 'झाकण नीट बसत नाही रे' असं सांगून त्याचं मन कोणती आई मोडेल? ती एका हाताने झाकण दाबून धरते, दुसऱ्या हाताने बटण फिरवते आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर 'फार सोय झाली हो' म्हणते. पाच तारे मिळतात ते या संवादाला.

तिसरा संप्रदाय एकतारी वाजवणाऱ्यांचा. यांचं दुःख खरं असतं, फक्त ते मिक्सरविषयी असेलच असं नाही. कुरिअरवाल्याने खोका वॉचमनकडे ठेवला, ओटीपी आला नाही, मागवला लाल आणि आला मरून, घेतल्यावर चार दिवसांनी भाव तीनशेने उतरला. प्रत्येकाचा एकेक तारा. यातल्या शेवटच्या दुःखाची तीव्रता वेगळीच असते. तो मिक्सर पुढे पंधरा वर्षं चालला तरी त्या घरात तो 'तीनशे रुपयांना फसवलेला मिक्सर' म्हणूनच ओळखला जातो.

आणि मग येतो प्रश्नोत्तरांचा तास. एखादी गृहिणी नेमका प्रश्न विचारते: यात सुकं खोबरं बारीक होतं का? काही खरेदी-संकेतस्थळं हा प्रश्न आधीच्या ग्राहकांकडे पाठवतात. ज्याला तो पोचतो त्याला वाटतं, खात्याकडून विचारणा आली आहे, मुदतीत उत्तर दिलं पाहिजे. तो प्रामाणिकपणे लिहितो, 'माहीत नाही. मिक्सर बायको वापरते.' सगळ्या पानावर शंभर टक्के खरं असं हे एकच विधान असतं.

ज्यांनी मिक्सर खरोखर वापरलाय, त्यांच्या लिखाणालाही थोडं भाष्य लागतं. 'पहिल्याच दिवशी जळका वास आला' ही तक्रार जवळपास प्रत्येक नव्या मिक्सरखाली सापडते. मोटरच्या तारांवर वॉर्निशचा लेप असतो. सुरुवातीला मोटर तापली की त्याचा वास येतो आणि काही वापरांनंतर जातो. हे अनेक माहितीपुस्तिकांत छापलेलं असतं. पण माहितीपुस्तिका ही मराठी घरात वाचण्यासाठी नसतेच. ती पिशवीसकट ड्रॉवरमध्ये ठेवायची असते, जिथे घरातल्या साऱ्या मृत उपकरणांच्या पुस्तिका आधीच विसावलेल्या असतात.

'आवाज फार आहे' ही दुसरी तक्रार. मिक्सरमध्ये कार्बन ब्रशवर चालणारी युनिव्हर्सल मोटर असते आणि ती रिकामी असताना मिनिटाला 18 ते 20 हजार फेरे घेते. एवढ्या फेऱ्यांत आवाज न करणारा मिक्सर कुणाला हवा असेल तर त्याने पाटा-वरवंटा घ्यावा. त्याला वॉरंटीही लागत नाही.

सर्वांत करुण अभिप्राय मात्र 'तिसऱ्या दिवशी बंद पडला, कचरा माल' या जातीचे. त्यातले काही मिक्सर खरेच मेलेले असतात. पण भांड्यात गच्च भिजवलेली डाळ कोंबून मोटरवर ताण आणला की आतलं संरक्षक बटण उडतं आणि मिक्सर थांबतो. ते त्याचं कामच आहे. थोडा वेळ थंड होऊ द्यायचा, मिक्सर उलटा करायचा, बुडाशी असलेलं लाल किंवा काळं छोटं बटण दाबायचं, की गाडी पुन्हा सुरू. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या तब्येतीच्या मिक्सरवर दुःखद निधनाच्या बातम्या छापल्या गेल्या आहेत. केटलची गत याहून वाईट. पाणी उकळण्यासाठी बनवलेल्या केटलमध्ये पुण्याच्या होस्टेलवरचा विद्यार्थी दूध तापवतो, मॅगी शिजवतो, त्याच मॅगीत अंडं सोडतो, तळ करपला की 'क्वालिटी घसरली' असं लिहितो आणि परीक्षेला निघून जातो.

वॅटबद्दल तर काय सांगावं! 500 वॅटपेक्षा 750 चांगला आणि 750 पेक्षा 1000 त्याहून चांगला, हा हिशोब अभिप्रायांत पक्का रुजला आहे. वस्तुतः तो आकडा मिक्सर भिंतीतल्या पॉइंटमधून किती वीज ओढतो ते सांगतो. त्यातली किती चटणीपर्यंत पोचली आणि किती नुसत्या गरम होण्यात गेली, हे पात्यांचा आकार, भांड्याची घडण आणि मोटरचं वाइंडिंग ठरवतं. पण 'वाइंडिंग कसं आहे' असं विचारणारा ग्राहक दुर्मीळ, आणि ते सांगणारा अभिप्राय त्याहून दुर्मीळ.

ज्या काळात अभिप्राय नव्हते, त्या काळात नापसंती कशी नोंदवली जात असे, याची एक गोष्ट मिक्सरच्याच इतिहासात आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते होते. त्यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणघाटणापुढे टिकेना. माथुरांनी एक तारा दिला नाही. त्यांनी इथल्या मसाल्याला पुरून उरेल अशी मोटर बनवायला घेतली आणि त्यातून 'सुमीत' मिक्सर जन्माला आला. एका गृहिणीच्या तक्रारीतून कारखाना उभा राहावा, याहून परिणामकारक अभिप्राय त्यानंतर कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही. त्या गोष्टीतला दुसरा मुद्दाही आजच्या ग्राहकाला लागू आहे. परदेशी यादीत पहिला आलेला ब्लेंडर फळांच्या रसाच्या परीक्षेत पहिला आलेला असतो. त्याने कारळ्याची चटणी पाहिलेली नसते.

आता ताऱ्यांच्या सरासरीकडे वळू. 4.3 आणि 4.1 यांत निवड करताना माणूस दहावीच्या मार्कांइतका गंभीर होतो. संशोधक मात्र या आकड्यांपुढे फारसे नमत नाहीत. 2009मध्ये हू, झांग आणि पावलू यांनी दाखवून दिलं की, अशा ताऱ्यांचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा निघतो: पाच ताऱ्यांचा उंच मनोरा, एका ताऱ्याचा छोटा उंचवटा आणि मध्ये दरी. कारण उघड आहे. वस्तू आवडेल असं ज्याला वाटतं तोच ती विकत घेतो, आणि घेणाऱ्यांतही फार हरखलेला किंवा फार चिडलेला तेवढाच लिहायला बसतो. ज्याचा मिक्सर बरा चालला तो चटणी खाऊन ऑफिसला गेलेला असतो.

2016मध्ये बार्ट द लांगे, फिलिप फर्नबाख आणि डोनाल्ड लिक्टेनस्टाइन या तिघांनी तर 120 प्रकारच्या 1,272 वस्तूंचे तारे काढून अमेरिकेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या गुणांशेजारी ठेवले. दोहोंचा मेळ अगदीच जेमतेम निघाला. लोकांना जे आवडतं आणि जे चांगलं असतं, त्यांत तफावत असते ही गोष्ट निवडणुकांमुळे आपल्याला ठाऊक होतीच. आता मिक्सरच्या बाबतीत तिला आधार मिळाला.

इथवरचे सगळे लेखक निदान निरागस होते. पुढचा वर्ग व्यावसायिकांचा.

खोक्यात कधी कधी एक गुळगुळीत कार्ड निघतं. 'पाच तारे द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, 100 रुपये मिळवा.' शंभर रुपयांसाठी कोण खोटं लिहील, असं म्हणणाऱ्याने कोथिंबिरीच्या जुडीवरून चाललेली घासाघीस पाहिलेली नसते. याच्या वरच्या पायरीवर संपूर्ण परताव्याची योजना आहे. ग्राहकाने वस्तू रीतसर विकत घ्यायची, पाच तारे द्यायचे आणि विक्रेत्याने पैसे परत पाठवायचे. खरेदी खरी, बिल खरं, म्हणून अभिप्रायाशेजारी 'खात्रीशीर खरेदी'चा शिक्काही खरा. खोटा असतो तो फक्त मजकूर. शेरी ही, ब्रेट हॉलनबेक आणि डेव्हिड प्रोसर्पियो या तीन संशोधकांनी फेसबुकवरच्या अशा गटांमधून चालणारा हा बाजार बारकाईने पाहिला आणि 2022मध्ये निष्कर्ष छापले. विकत घेतलेल्या अभिप्रायांनी तारे आणि विक्री दोन्ही चढतात. ही खरेदी थांबली की एकतारी अभिप्रायांचं प्रमाण वाढतं आणि सरासरी घसरते. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲमेझॉनने असे दहा हजारांहून अधिक गट चालवणाऱ्यांवर अमेरिकेत खटला भरला. दहा हजार गट! आपल्याकडे एका सोसायटीचा व्हॉट्सॲप गट शांततेत चालवता येत नाही.

तिसरी क्लृप्ती तर परकायाप्रवेशाची. मोबाइलच्या कव्हरने कमावलेले चार हजार अभिप्राय त्याच पानावर नंतर बसवलेल्या हँड ब्लेंडरला वारशाने मिळतात. वाचता वाचता 'कॅमेऱ्याचं भोक नीट बसतं' असं वाक्य आलं की, ग्राहक चक्रावतो आणि ब्लेंडरला कॅमेरा कुठे आहे ते फोटोत शोधू लागतो. एका कंपनीने पूरक आहाराच्या गोळ्यांबाबत जवळपास असंच केलं म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2023मध्ये तिच्याकडून सहा लाख डॉलर वसूल केले.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत झोपलेला नाही. कागदावर तरी तो टक्क जागा आहे. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहिणं निषिद्ध आहे. नोव्हेंबर 2022मध्ये भारतीय मानक ब्यूरोने चक्क अभिप्रायांसाठी मानक काढलं: आयएस 19000:2022. सिमेंटला, हेल्मेटला, कुकरला मानक असतं तसं आता 'नाइस प्रॉडक्ट'लाही आहे. अभिप्राय देणाऱ्याची ओळख कशी पडताळावी, मजकूर कसा तपासावा आणि तो कसा छापावा, हे सारं त्यात आहे. मात्र ते आलं ऐच्छिक म्हणून, आणि ऐच्छिक शिस्तीचं काय होतं हे सकाळी सहाला फिरायला जाण्याचा संकल्प केलेल्या कुणालाही विचारावं. 'फक्त दोन नग शिल्लक, सतरा जण आत्ता पाहत आहेत' अशी खोटी घाई करण्यावरही बंदी आहे. नोव्हेंबर 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला गोंधळात पाडणाऱ्या 13 क्लृप्त्यांची यादी आहे आणि खोटी घाई तीत पहिल्याच क्रमांकावर आहे.

तारे आणि सुरक्षितता यांचा संबंध किती, याचा नमुना कुकरने दाखवला. कुकरवर आयएसआय खूण 2021पासून सक्तीची आहे. तरीही मानकात न बसणारे कुकर ऑनलाइन विकले जात राहिले. ऑगस्ट 2022मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका बड्या ई-कॉमर्स कंपनीला विकले गेलेले 2,265 कुकर परत घेऊन पैसे द्यायला सांगितलं आणि वर एक लाखाचा दंड केला. अभिप्राय लिहिणाऱ्याला कुकरची शिटी ऐकू येते. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हची परीक्षा तो घेत नाही, आणि घेण्याची वेळ आली तर नंतर अभिप्राय लिहायला बसत नाही.

ज्यांचा लिखितावर विश्वास नाही ते चित्रफितींकडे वळतात. 'नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत टॉप फाइव्ह मिक्सर.' पाचही मिक्सरचे फोटो कंपन्यांचे, माहिती खोक्यावरची, आणि 'लिंक डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे'. त्या लिंकवरून खरेदी झाली की मित्राला दलाली मिळते. दलालीत गैर काही नाही, ती सांगितली म्हणजे झालं. जाहिरातदारांची स्वनियामक संस्था 'आस्की'ने 2021मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी 2023मध्ये हेच बजावलं: पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ठळकपणे सांगा. म्हणून आता काही जण ते सांगतात, बोलण्याच्या इतक्या वेगात की मिक्सरच्या तिसऱ्या स्पीडने लाजावं. पाचापैकी एकही मिक्सर वाईट निघत नाही, हे या चित्रफितींचं आणखी एक लक्षण. प्रत्येकाचा एक दोष सांगितला जातो, आणि तो बहुधा 'वायर थोडी अजून लांब हवी होती' एवढाच असतो.

दुकानदाराला विचारावं, तर पुण्याची तापकीर गल्ली असो की मुंबईची लोहार चाळ, काउंटरमागचा माणूस गिऱ्हाईक पाहून बोलतो. 'ताई, हा घ्या, आमच्या घरी हाच आहे.' हे वाक्य तो ज्या ज्या मिक्सरबद्दल बोलला आहे ते सगळे खरोखर त्याच्या घरी असतील, तर त्याला ओट्याऐवजी गोदामात स्वयंपाक करावा लागत असणार.

मग विश्वासाची जागा कोणती? काही संस्था हे काम पोटतिडकीने करत आल्या आहेत. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'चा जन्म 1936चा. ही संस्था वस्तू सामान्य गिऱ्हाइकासारखी दुकानातून विकत घेते, प्रयोगशाळेत तपासते आणि जाहिराती घेत नाही. आपल्याकडे अहमदाबादची सीईआरसी 1978पासून आणि दिल्लीची 'कन्झ्युमर व्हॉइस' 1983पासून आहे. दोघींनीही वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या करून निकाल छापले. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975मध्ये वेगळीच वाट धरली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करायचे आणि पारखलेला माल एकत्र खरेदी करून त्यांच्यात वाटायचा. म्हणजे निवडीची डोकेदुखी एकाने घ्यायची आणि बाकीच्यांनी निवांत झोपायचं. रात्री अकराच्या वाचकाने हेवा करावा अशी ही व्यवस्था आहे.

स्वस्त उपकरणांशी मात्र या संस्थांची गाठ कधीकधीच पडते. प्रयोगशाळेत मिक्सर तपासायला वेळ लागतो, पैसा लागतो. निकाल छापून येईपर्यंत कंपनीने त्याच मिक्सरचा रंग बदलून नावापुढे 'प्रो', 'प्लस' किंवा 'निओ' लावलेलं असतं. शिवाय इंटरनेटवरच जन्मून तिथेच अंतर्धान पावणाऱ्या, उच्चार करताना जीभ अडखळावी अशा नावांच्या कंपन्यांची जत्राच भरलेली असते. त्यांच्यामागे धावणार कोण?

म्हणून जाणती मंडळी दुरुस्तीवाल्याकडे जातात. प्रत्येक गावात एक असतोच. दुकान सहा बाय आठ, भिंतीभर भांडी, खिळ्यांना लटकलेले कपलर आणि बेल्ट, आणि मधोमध पोट उघडं टाकून पडलेले चार मिक्सर. याचं ज्ञान अस्सल. अभिप्राय लिहिणाऱ्याने मिक्सर बाहेरून पाहिलेला असतो, याने आतून. त्याचा सल्ला ठरलेला: 'ज्याचे पार्ट मिळतात तो घ्या.' कपलर तुटणार, भांड्याचा बुश झिजणार, कार्बन संपणार, हे तो धरूनच चालतो. प्रश्न एवढाच की ते चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे की नवा मिक्सर घेण्याचं.

पण त्याच्या दुकानातल्या ढिगावरून निष्कर्ष काढायला जावं तर तिथेही गोम आहे. एकाच कंपनीचे सात मिक्सर तिथे पडलेले पाहून ग्राहक घाबरतो आणि ती कंपनी यादीतून उडवतो. ते सात तिथे आहेत याचा अर्थ गावात त्या कंपनीचे मिक्सर भरपूर आहेत आणि मालकांना ते दुरुस्त करण्याजोगे वाटतात. जो मिक्सर खरोखर टाकाऊ असतो तो दुरुस्तीवाल्याच्या दुकानात दिसतच नाही. तो परस्पर भंगारात जातो.

तेव्हा शेवटचा आणि खरा समीक्षक म्हणजे भंगारवाला. त्याच्यापुढे मिक्सर आपलं सगळं आयुष्य जगून आलेला असतो. त्याला रंग दिसत नाही, तारे दिसत नाहीत. तो मोटर फोडून आत तांबं आहे की ॲल्युमिनियम ते पाहतो, कारण भंगारात तांब्याचा भाव ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट असतो. आणि नेमका हाच प्रश्न ग्राहकाने विकत घेताना विचारायला हवा होता. ॲल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण 60 टक्के. तेवढ्याच जाडीच्या तारेचं वाइंडिंग असलं तर मोटर जास्त तापते, तिचे जोडही नीट डागायला अवघड. स्वस्त मोटरमध्ये वाचवलेले पैसे बहुधा इथेच वाचवलेले असतात. 'पाच किलोचा मिक्सर आणि आत तांबं पावशेर पण नाय निघालं,' हा भंगारवाल्याचा अभिप्राय कुठल्याही संकेतस्थळावर छापला जात नाही. तो देतो तेव्हा मिक्सर विकत घेणारा मागे उभा असतो, आणि त्याचं लक्ष तराजूवर असतं.

भंगारवाल्यापर्यंत जाण्याचा धीर नसलेल्यांनी निदान वाचायची पद्धत बदलावी. पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून तीन ताऱ्यांपाशी थांबावं. तीन तारे देणारा माणूस विकला गेलेला नसतो आणि चिडलेलाही नसतो. 'इडलीचं पीठ चांगलं होतं, सुकी चटणी भरड राहते, छोट्या भांड्याचं झाकण गळतं' असं तो लिहितो आणि घरातल्या लोकांना कंटाळवाणा वाटतो. तारखाही पाहाव्यात. एकाच आठवड्यात साठ जणांना एकाच मिक्सरचं कौतुक सुचलं असेल, तर तो योगायोग नव्हे. अभिप्रायांत शोधायची सोय असेल तर 'वर्ष', 'सर्व्हिस', 'कपलर' हे शब्द टाकून पाहावेत; खोकेवादी एका फटक्यात गळून पडतात. आणि फोटो पाहावेत. चकाकणाऱ्या मिक्सरचा फोटो सोडून द्यावा. हळदीने पिवळं पडलेलं झाकण, भांड्याच्या कडेला सुकलेली चटणी, बटणावरचे पुसट झालेले आकडे, असा फोटो टाकणाऱ्या बाईंचं म्हणणं मात्र शब्दन् शब्द वाचावं. ते झाकण पैसे देऊन पिवळं करता येत नाही.

इस्त्री, इमर्शन रॉड, गीझर घ्यायचा तर अभिप्रायांच्या आधी आयएसआय खूण शोधावी. या वस्तूंना ती कित्येक वर्षांपासून सक्तीची आहे. खुणेखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो; तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते कळतं. इमर्शन रॉडच्या बाबतीत हे विशेष अगत्याने करावं, कारण ही वस्तू बादलीत बुडवून वापरायची आहे. छताचा पंखा घेणाऱ्याचं काम त्याहून सोपं. जानेवारी 2023पासून पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं स्टार लेबल सक्तीचं झालं. ते तारे कुणाची आई खूश झाली म्हणून मिळालेले नसतात, मोजून मिळालेले असतात. 75 वॅटच्या जुन्या पंख्याशेजारी 28-30 वॅटचा बीएलडीसी पंखा ठेवला तर विजेचं बिलच पुढचे अभिप्राय लिहीत राहतं.

एवढं करूनही मिक्सर बिघडला तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. दोन हजारांच्या मिक्सरसाठी कोण आयोगात जाणार, असं विचारणाऱ्यांना जिद्दी निवृत्त मराठी माणूस भेटलेला नाही. त्याच्याजवळ वेळ आहे, फाइल आहे, पंच मशीन आहे. फक्त बिल हवं. आणि दुकानातलं बिल बहुधा थर्मल कागदावर छापलेलं असतं, त्यावरची अक्षरं उजेडाने आणि उष्णतेने उडतात. दोन वर्षांची वॉरंटी संपण्याच्या आत पुष्कळदा कागद कोरा होतो. म्हणून मिक्सर घरी आल्या आल्या पहिला फोटो मिक्सरचा नव्हे, बिलाचा काढावा, आणि तो बायकोला, मुलाला, भाच्याला अशा तिघांना तरी पाठवून ठेवावा. दोन वर्षांनी तिघांपैकी एकाच्या तरी मोबाइलमध्ये तो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सापडतो.